टीव्ही तुमचा, पण आतलं सॉफ्टवेअर कुणाचं? ओपन सोर्सच्या परवान्यावरून नेमका वाद काय आहे?

घरातला वाय-फाय राउटर, भिंतीवरचा स्मार्ट टीव्ही आणि हातातला अँड्रॉइड फोन. या तिघांच्या आत बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे लिनक्स. लिनक्स फुकट आहे आणि ते कुणीही वापरू शकतं. मग ते वापरणाऱ्या कंपन्या कोर्टात का खेचल्या जातात?

कारण फुकट म्हणजे बिनशर्त नव्हे.

अट काय आहे?

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएल नावाच्या परवान्याखाली मिळतो. या परवान्याची दुसरी आवृत्ती १९९१ सालची आहे आणि लिनक्सला आजही तीच लागू आहे. तिचं म्हणणं साधं आहे. हा कोड वापरा, बदला, विका. पण दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स कोड आणि हेच सगळे हक्क त्यालाही द्या.

बहुतेक कंपन्यांकडे मात्र स्वतःचा बंद कोडही असतो. तो त्यांना उघड करायचा नसतो. हे दोन्ही एकाच डब्यात घालून विकले की प्रश्न उभा राहतो.

एकत्र विकणंच चुकीचं आहे का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. दिवाळी अंकासोबत कॅलेंडर दिलं, तरी त्या दोन वेगळ्या वस्तूच राहतात. पण दुसऱ्याच्या कथेत आपली चार पानं घुसवून नवी कथा छापली, तर मूळ लेखकाच्या अटी सगळ्या कथेला लागतात. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. टीव्हीवर लिनक्स आहे म्हणून त्यावर चालणाऱ्या नेटफ्लिक्सच्या ॲपला कोड उघडावा लागत नाही. ते शेजारी बसलेलं, स्वतंत्र सॉफ्टवेअर आहे. कर्नलमध्येच बदल केले असतील, तर ते मात्र द्यावे लागतात.

खरी भांडणं होतात ती ‘शेजारी’ आणि ‘आत’ यांच्यामधल्या सीमेवर.

निळ्या राउटरची गोष्ट

लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. २००३ मध्ये काही जाणकारांच्या लक्षात आलं की त्यात लिनक्स आहे, पण सोर्स कोडचा पत्ता नाही. त्याच वर्षी सिस्कोने लिंकसिस विकत घेतली आणि हे प्रकरणही तिच्या गळ्यात आलं. दबाव वाढला, कोड उघड झाला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज असंख्य राउटरांवर तो चालतो.

तरी तक्रारी संपल्या नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर खटला भरला. मे २००९ मध्ये तडजोड झाली.

या गोष्टीत एक मेख आहे. राउटरमधल्या ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर बंदच राहिला, आणि तो लिनक्सच्या जुन्या २.४ मालिकेसाठी बनवलेला होता. त्यामुळे बाकी कोड हातात असूनही कित्येक वर्षं लोकांना त्याच जुन्या कर्नलला चिकटून राहावं लागलं. एक बंद तुकडा अख्ख्या यंत्राला कसा अडकवून ठेवतो, ते इथे दिसतं.

एनव्हिडियाचं काय?

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या आत जाऊन काम करतो. मग बंद ड्रायव्हर चालतो कसा? युक्ती अशी की तो सहसा वेगळा दिला जातो आणि कर्नलशी जोडणी वापरणाऱ्याच्या संगणकावर होते. जीपीएलच्या अटी वाटप करताना लागतात, स्वतःपुरतं जोडताना नाही. हे पुरेसं आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद आहे. एनव्हिडिया सहकार्य करत नाही म्हणून २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या भर कार्यक्रमात कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलशी जोडणारा भाग खुला केला. त्यावरचे मोठे भाग मात्र बंदच आहेत.

खुल्या बाजूलाही तडजोड करावी लागते. डेबियन ही तत्त्वाला घट्ट धरणारी लिनक्स आवृत्ती. पण बंद फर्मवेअरशिवाय अनेक लॅपटॉपचं वाय-फायच सुरू होत नाही. शेवटी २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान केलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. ते ठेवलंय वेगळ्या कप्प्यात, म्हणजे काय खुलं आणि काय बंद हे वापरणाऱ्याला कळतं.

आता ग्राहकच कोर्टात

एरवी असे खटले कोड लिहिणारे भरतात, कारण कॉपीराइट त्यांचा असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने कॅलिफोर्नियात वेगळीच वाट धरली. तिने व्हिजिओ कंपनीचे टीव्ही विकत घेतले आणि ग्राहक म्हणून सोर्स कोड मागितला. परवाना हा करारही आहे आणि त्याचा लाभ ग्राहकासाठी आहे, असा तिचा युक्तिवाद. हा फक्त कॉपीराइटचा विषय आहे, असं व्हिजिओचं म्हणणं. मे २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने प्रकरण राज्याच्या न्यायालयाकडे परत पाठवलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथेही, सुनावणीआधीच निकाल देऊन खटला संपवण्याची व्हिजिओची विनंती फेटाळली गेली.

तुम्हाला काय फरक पडतो?

कंपनीने अपडेट बंद केले की चांगला चालणारा टीव्ही किंवा राउटर असुरक्षित होतो आणि भंगारात जातो. सोर्स कोड हाती असेल तर दुसरं कुणीतरी तो दुरुस्त करू शकतं. तुम्ही स्वतः कोडची एक ओळही वाचली नाही, तरी फायदा तुमचाच.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली ‘लीगल इन्फर्मेशन’ उघडून पाहा. तिथली लांबलचक यादी म्हणजे तुमच्या फोनमध्ये कुणाकुणाचा कोड आहे याचा हिशेब. कोड सोबत दिला नसेल, तर मागणाऱ्याला तो देण्याचं किमान तीन वर्षांचं लेखी आश्वासन, हा जीपीएलमध्ये कंपन्यांना दिलेला एक पर्याय आहे. ते आश्वासन तुमच्या वस्तूच्या कागदपत्रांत आहे का, हे एकदा पाहायला हरकत नाही.