दोन टक्क्यांचा ढोल



सरकारला आकड्यांचा भारी नाद. २००३ च्या विज्ञान धोरणात लिहिलं, देशाच्या उत्पन्नातले दोन टक्के संशोधनावर खर्चू. २०१३ च्या धोरणात तेच पुन्हा. २०२०-२१ चा हिशेब निघाला ०.६४ टक्के! त्यात खासगी कंपन्यांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. त्यांना चुचकारायला २०१० पासून सूट दिली होती: संशोधनावर एक रुपया खर्चा, कर मोजताना दोन वजा करा. २०१७ ला ती दीडवर आली, २०२० ला एकावर. टक्का काही चढला नाही.

चीनचं ऐका. तिथं २००८ च्या नियमानं विक्रीच्या तीन ते सहा टक्के संशोधन दाखवलं की कर कमी. अभ्यासकांनी आकडे तपासले, तर वाढलेल्या खर्चातला जवळपास चौथा हिस्सा नुसता खातेबदल. कारभाराचा खर्च उचलला, संशोधनात टाकला.

बाकीचं खरं संशोधन, मान्य. पण कशावर? लक्ष्य रुपये मोजतं, प्रश्न मोजत नाही.

वऱ्हाडातच पहा. मार्च २००२ ला महिको-मॉन्सॅन्टोच्या बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी हटली, फवारण्या घटल्या, हे मी नाकारत नाही. पण जनुक घातलं संकरित वाणात. त्याची सरकी राखून पेरता येत नाही, दरसाल पाकीट घ्याच. ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या वर, त्यात साडेबाराशे जनुकाचं भाडं! २००६ ला आंध्र सरकार भांडलं तेव्हा ७५० वर आलं. कोरडवाहू वावरातल्या देशी सरळ वाणावर कंपनी रुपया कायले लावीन बापा? तिथं भाडं नाही. ते काम अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं सरकारी तुकड्यावर करावं.

२०१७ ला गुलाबी अळीनं तीच बीटी पऱ्हाटी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसहून अधिक माणसं मेली. पाठीवर पंप कोणाच्या होता? मजुराच्या, नाहीतर दोन-चार एकरवाल्याच्या. त्या उकाड्यात अंगावर टिकेल असा कपडा, न गळणारा पंप, हे कोणत्या लक्ष्यात बसतं? माझी माय वेचणीला जायची. बोटं बोंडानं सोललेली, मजुरी किलोवर. तिच्या बोटांसाठी कोणी सूट मागितल्याचं मी ऐकलं नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. खासगी क्षेत्राला लांब मुदतीचं, कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी कर्ज. पैसा लोकांचा आहे. तेव्हा आपली मागणी टक्क्याची नाही. कोणत्या कंपनीला किती दिले, तिनं काय शोधलं, ते मराठीत छापा. पैसे वाटणाऱ्या समितीवर पंपवाला बसवा, वेचणारी बाई बसवा.

आणि अमरावती-अकोल्यात शेतकी शिकणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्या सरकारी विद्यापीठाचे कोणत्या बियाणे कंपनीशी करार आहेत, विचारलं कधी? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.