घरच्या शाळेची सामग्री आणि सोबत

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्याच्या पस्तीस वर्षं आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन निदान बारा वर्षांपर्यंत तरी शिक्षण सक्तीचं करा, असं मागितलं होतं. शाळेसाठी इतकं झगडलेल्या या मुलखात आता पुण्या-मुंबईकडची काही शिकलीसवरली जोडपी आपणहून मुलांची नावं शाळेतून काढतात आणि त्यांना घरी शिकवतात. यावर आजी-आजोबा चिडले तर त्यांचं अगदीच चुकतं असं म्हणवत नाही.

तरी घरी शिकणं हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. रमाबाई रानडे शिकल्या त्या पती न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात, सासरच्या बायकांची बोलणी खात. पण या बायकांपुढे शाळेचा पर्यायच जवळपास नव्हता. आजच्या पालकांपुढे तो आहे आणि ते तो नाकारतात. त्यामुळे ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी द्यायला हवं, निदान स्वतःला तरी. ‘शाळा वाईट असतात’ हे पुरेसं उत्तर नव्हे. वर्गात मूल घुसमटतंय, त्याला अक्षरं लागत नाहीत आणि शाळेत त्याची दखल घेणारं कुणी नाही, किंवा एखाद्या विषयाची त्याची भूक वर्गात भागत नाही, असं काही नेमकं कारण असेल तर पुढचं बोलणं सोपं जातं.

कायद्याचं काय, हा प्रश्न अशा पालकांच्या पहिल्याच बैठकीत निघतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं तो सांगतो. ते न पाळणाऱ्या पालकाला मात्र त्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणजे घरी शिकवायला स्पष्ट परवानगी नाही आणि पोलीस दारात येण्याची भीतीही नाही. शाळाबाह्य मुलं शोधत फिरणाऱ्या शिक्षिकेनं तुमच्या मुलाचं नाव यादीत लिहून घेतलं तर तिच्यावर रागावू नका. ज्या यादीत वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीच्या फडातली मुलं सापडतात, ती यादी काटेकोर असलेलीच बरी.

आता साहित्य. नव्या पालकांची सगळ्यात मोठी धावपळ इथं होते, आणि माझ्या मते ती बरीचशी वायफळ असते. पहिल्या महिन्यात अमेरिकेतला खोकाबंद अभ्यासक्रम मागवला जातो. त्यात मूल निकेल आणि डाइमची मोड मोजतं, बर्फाच्या बाहुल्यावर निबंध लिहितं. अमेरिकेत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे, त्यामुळे तिथं या वस्तूंची मोठी बाजारपेठ आहे. तिथल्या मराठी कुटुंबांना तो अभ्यासक्रम सोयीचा पडेल. डोंबिवलीत त्याचं काय काम?

इथं मराठीत, फुकट किंवा नाममात्र किमतीत जे मिळतं ते आधी उघडून पाहावं. बालभारतीची स्थापना १९६७ ची आणि तिची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. शाळा नको म्हणून बालभारतीही नको, हा हट्ट मला कळत नाही. निदान या वयाच्या मुलाला राज्यानं काय यावं असं मानलंय, ते त्यातून समजतं. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक १९७१ पासूनचं. त्याचे जुने अंक म्हणजे मराठी लेखक-चित्रकारांचा खजिना आहे. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या कृती आणि मुलांसाठीची शेकडो पुस्तकं, मराठीतलीही, सगळ्यांसाठी खुली करून ठेवली आहेत. विज्ञानाला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘स्मॉल सायन्स’ मालिका आहे. वाचनाला माधुरी पुरंदऱ्यांचं ‘वाचू आनंदे’ आहे, आणि लहानांसाठी ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी. निसर्गाची वही ठेवायची तर इंग्रज शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनच्या विलायती पाखरांआधी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हाताशी घ्यावा, कारण खिडकीत येऊन बसतो तो बुलबुल.

निवडीची माझी कसोटी साधी आहे. ते साहित्य घेऊन मूल तासभर एकटं रमू शकतं का, आणि त्यातलं अडलं तर घरातल्या मोठ्या माणसाला तरी ते समजावता येतं का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर ते कितीही नावाजलेलं असो, कपाटातच पडून राहील. गणिताचा एक क्रम मात्र नीट धरून ठेवावा. इतिहास-भूगोलात इकडून तिकडे उड्या मारल्या तरी चालतं. अपूर्णांकात कच्चं राहिलेलं मूल बीजगणितात हमखास आपटतं. तेव्हा अमुक पुस्तक धरलं की ते शेवटपर्यंत न्यावं, दर दिवाळीला पद्धत बदलू नये.

कमी बोललं जातं ते कागदपत्रांबद्दल. दहावीचे मार्ग ढोबळमानाने तीन. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. तिथं चौदा वर्षं पूर्ण झाली की माध्यमिकला नाव घालता येतं, माध्यम मराठीही घेता येतं, आणि नोंदणी पाच वर्षं चालत असल्यानं पाच विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. दुसरा मार्ग राज्य मंडळाचा, खासगी विद्यार्थी म्हणून, ज्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. तिसरा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा. तिथं पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा आहेत. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की यातला एक मार्ग ठरवावा, पंधराव्या वर्षी घाई करू नये. मुंबईच्या एका मुलीचं उदाहरण वारंवार दिलं जातं: घरी शिकली, संगणक ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. हे खरं आहे. बारावीचा कागद नसल्यानं आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही खरं आहे, आणि ऑलिंपियाडचं पदक सगळ्यांच्या मुलांना मिळत नसतं. वैद्यकीयच्या ‘नीट’ला मुक्त विद्यालयाची मुलं बसू शकतात की नाही यावर तर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले.

शिवाय महाराष्ट्रात शाळा सोडल्याचा दाखला हा नुसता शिक्षणाचा कागद नाही. जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात यांचा तो पुरावा असतो. जात पडताळणीच्या वेळी आजोबा-पणजोबांचे दाखले शोधत लोक गावच्या शाळेचे उंबरे झिजवतात. ज्या घराला जातीच्या दाखल्यावर पुढचं काही अवलंबून आहे, त्या घरानं मुलाचं नाव पटावरून काढण्याआधी दहादा विचार करावा. आडनावाच्या आणि बँकेतल्या शिलकीच्या बळावर निर्धास्त असलेल्यांना ही अडचण सुचतच नाही, म्हणून चर्चेत ती येत नाही.

आणि उत्तेजन? घरी शिकवणाऱ्या पालकांचे गट आहेत, ‘स्वशिक्षण’सारखी देशपातळीवरची संघटनाही आहे. नातेवाईक टोमणे मारत असताना ‘आमच्याकडेही अस्संच झालं होतं’ म्हणणारं कुणी भेटलं की जीव भांड्यात पडतो, याची किंमत कमी नाही. पण या गटांत एकमेकांची पाठ थोपटण्याची सवय फार. नवव्या वर्षी मूल वाचत नाही असं कुणी सांगितलं की ‘ते त्याच्या गतीनं शिकेल’ हे उत्तर तयार असतं. कधी ते बरोबर ठरतं. कधी मात्र ते मूल अध्ययन अक्षमतेची चाचणी होण्याची वाट बघत असतं आणि त्याची दोन वर्षं वाया जातात. म्हणून गटाबाहेरचं एक तरी माणूस धरावं: निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मराठी शाळेतली असली तर उत्तमच. शेकडो मुलांना वाचायला शिकवलेल्या बाईंना पाच मिनिटांत जे दिसतं ते आईबापांना वर्षभर दिसत नाही. चर्चेसाठी ‘पालकनीती’ मासिक आहे. १९८७ पासून ते पालकांशी बोलतं आहे आणि ते फक्त घरी शिकवणाऱ्यांचं नाही, हा त्याचा फायदाच.

उत्तेजनाची खरी गरज बहुधा आईला असते. ‘आम्ही घरी शिकवतो’ या वाक्यातला ‘आम्ही’ सकाळी नऊला डबा घेऊन ऑफिसला जातो, आणि उरलेलं वाक्य घरात राहणारी बाई पार पाडते. तिची नोकरी, तिचा भविष्य निर्वाह निधी, तिच्या मैत्रिणी, सगळं त्या निर्णयाच्या खर्चात धरायला हवं. नवऱ्यानं आठवड्यातले ठरावीक तास शिकवण्याचे म्हणून बांधून घेतले नाहीत, तर तो संसार आणि ती शाळा दोन्ही कुरकुरायला लागतात. हे आधी ठरत नसेल तर निर्णय वर्षभर पुढे ढकललेला बरा.

सवंगड्यांबद्दलची टीका मला अर्धीच पटते. घरी शिकणारी मुलं माणूसघाणी होतात हे खरं नाही. मैदान, तबल्याचा क्लास, सोसायटीतला गणपती, सगळीकडे ती असतात. अडचण वेगळी आहे. त्या सगळ्या जागी त्यांना आपल्यासारखीच मुलं भेटतात. नगरपालिकेच्या शाळेतच नव्हे, बऱ्यापैकी खासगी शाळेतही रिक्षावाल्याचा मुलगा आणि डॉक्टरांची मुलगी एका बाकावर येऊ शकतात. तो बाक घरी बनवता येत नाही. त्यासाठी मुद्दाम हातपाय हलवावे लागतात: सार्वजनिक वाचनालय, राष्ट्र सेवा दलाची शाखा, आजोळच्या गावी महिनाभराचा मुक्काम.

एवढं सगळं तोलून ज्यांना करून पाहायचंय त्यांनी पाहावं, एक वर्षाच्या बोलीनं. शिक्षण हक्क कायद्यानं परतीची वाटही ठेवलेली आहे: शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. तेव्हा नाव काढण्याआधीच जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून ठेवावं. शक्यतो एप्रिलच्या शेवटी जावं, कारण जूनमध्ये पटसंख्या, गणवेश आणि पोषण आहाराच्या नोंदी यांत त्यांना मान वर करायला सवड नसते.