जशी आहे, जेथे आहे

इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा मध्यंतरी दूरध्वनी आला. "मामा, होसूर रस्त्याजवळ एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे लष्करातली चिलखती गाडी विकायला आहे. आम्ही तिघे मित्र मिळून घ्यायची म्हणतोय. कागदपत्रं तेवढी तुम्ही बघाल का?" त्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, चिलखती दलात चालक होते आणि निवृत्तीनंतर नगरला स्थायिक झाले. भाच्याच्या हौसेचे मूळ तेथे आहे हे जाणून असल्याने मला नाही म्हणवले नाही. सैन्याच्या कर्मशाळेतून निवृत्त झालेल्या एका परिचितांना सोबत घेऊन एका रविवारी मी मेट्रोच्या यलो लाइनने तेथे पोहोचलो.

गाडी ताडपत्रीखाली उभी होती. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ती फेरेट जातीची टेहळणी गाडी होती. ब्रिटनच्या डेमलर कंपनीने १९५२ पासून बनविलेली, सहा सिलिंडरांचे रोल्स रॉइस इंजिन असलेली ही चारचाकी भारतीय सैन्यानेही वापरली. नवा रंग चकाकत होता. आमच्या परिचितांनी मात्र रंगाकडे पाहिलेही नाही. त्यांनी प्रथम इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. ते कोमट होते. आम्ही येण्यापूर्वीच इंजिन चालवून ठेवले होते, म्हणजे थंड इंजिन किती कुरकुरते हे आम्हांला कळू नये! मग त्यांनी चालकाच्या आसनाखालील तळपत्रा लहान हातोडीने ठोकून पाहिला. चिलखत बाहेरून अभेद्य दिसले तरी आत साचलेले पाणी तळ खात असते.

या गाडीत इंजिनाची शक्ती दुभागून दोन्ही बाजूंच्या दांड्यांवाटे चाकांकडे जाते. मातीत चाके थोडी घसरतात आणि दांड्यांवरचा ताण सुटतो. डांबरी रस्त्यावर तो साठत जातो आणि दंतचक्रे झिजवतो. परिचितांनी त्या पेटीतील थोडे तेल बोटांवर घेऊन चोळले. त्यात धातूची बारीक कीस लागली. गियर आधी निवडून नंतर पायाने दाबावयाचा असतो; ते पेडल पायाला उलटा झटका देते का, हेही त्यांनी पाहिले. शस्त्र बसविण्याची जागा कायमची निकामी केली आहे का, तळाशी जुनी काडतुसे राहिली आहेत का, तबकड्यांवर अंधारात चमकणारा जुना किरणोत्सारी रंग आहे का, अशी त्यांची यादी बरीच लांब होती. ही सावधगिरी अनाठायी नव्हे. इंग्लंडमध्ये २०१७ साली एका संग्राहकाने घेतलेल्या जुन्या रणगाड्याच्या डिझेलच्या टाकीत सोन्याच्या विटा सापडल्या होत्या. दर वेळी सोनेच सापडेल असे नाही.

शेवटी त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, आज हिची काय अवस्था आहे ते मी सांगू शकतो. हिला कुणी कसं वापरलं, ते हिचं पुस्तकच सांगेल."

ते पुस्तक, म्हणजे गाडीची नोंदवही, विक्रेत्याकडे नव्हते. त्याच्याकडे एकच पावती होती आणि तीत 'भंगार लोखंड' एवढाच उल्लेख होता. कायद्याच्या दृष्टीने आम्ही वाहन पाहत नव्हतोच, काही टन लोखंड पाहत होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र शासनाच्या वाहनांची नोंदणी स्वतंत्रपणे होते. ते वाहन शासनाच्या मालकीचे राहिले नाही की त्याला सर्वसामान्य नोंदणी लागू होते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीची वाट करून दिली, परंतु गाडीची ओळख पटविणारी कागदपत्रे तेथेही लागतातच. आणि तो चकाकणारा ऑलिव्ह हिरवा रंग? केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे तो केवळ संरक्षण विभागाच्या वाहनांना देता येतो. भाचा गप्प झाला. व्यवहार तेथेच थांबला.

येथवर ही एका कुटुंबाची हकिकत झाली. परतताना माझ्या मनात जो प्रश्न घोळत राहिला तो प्रशासनाचा होता. ज्या वसाहतीत प्रत्येक संगणकाला क्रमांक असतो आणि त्याची खरेदी, दुरुस्ती व निकाल यांची नोंद असते, तिच्याच उंबरठ्यावर शासनाने कधी काळी जतन केलेली एक गाडी इतिहासाविना उभी होती. तिचा इतिहास नव्हता असे नाही. तो विक्रीच्या वेळी तिच्यापासून तोडला गेला होता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध आठवल्यावाचून राहत नाही. त्याच मांडणीसाठी त्यांना २००१ साली स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल मिळाले. वापरलेल्या गाडीचे गुणदोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खराबच आहे असे धरून बोली लावतो, आणि चांगली गाडीही खराबीच्या भावात जाते. खासगी विक्रेता दोष लपवितो, कारण त्यात त्याचा लाभ असतो. शासनाला तर लपविण्यात लाभही नसतो. तरीही ते मौन पाळते आणि स्वतःच्याच मालाची किंमत पाडून घेते.

सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१९ सांगतो की, विक्रीच्या मालाचे ठिकाण आणि सद्यःस्थिती निविदेत नमूद करावी, म्हणजे बोलीदारांना तो आधी पाहता येईल. नियम उत्तम आहे. व्यवहारात मात्र 'जशी आहे, जेथे आहे' या चार शब्दांत सद्यःस्थितीचे वर्णन उरकले जाते. शासन स्वतः ग्राहक असते तेव्हा पाहणीचे मोल त्याला चांगले कळते. १९४८ साली ब्रिटनमधून सैन्यासाठी वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीप मागविण्यात आल्या. आलेल्या १५५ गाड्या उपयोगाच्या ठरल्या नाहीत आणि ते प्रकरण संसदेत वर्षानुवर्षे गाजले. विक्रेता होताच तो धडा आपण विसरतो.

हे लिहिण्याचा अधिकार मला थोडा कमीच आहे. अनेक वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या निर्लेखन समितीवर असताना मी स्वतः डझनभर गाड्या एकाच गटात काढल्या. नोंदवह्या कपाटात होत्या. त्या सोबत द्याव्यात हे कोणाच्याही, माझ्याही, मनात आले नाही. पुढे त्या रद्दीत गेल्या.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक वाहनासोबत एक पानी इतिहास द्यावा : क्रमांक, निर्मितीचे वर्ष, शेवटची मोठी दुरुस्ती आणि बाद करण्याचे कारण. दुसरी, ते वाहन म्हणून विकले जात आहे की धातू म्हणून, हे स्पष्ट लिहावे. धातू म्हणून जाणाऱ्याचे तुकडे शासनाच्याच आवारात व्हावेत. तिसरी, चिलखती वाहनांची यादी लिलावापूर्वी जाणकारांना दाखवावी. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. एखादे दुर्मीळ वाहन भट्टीत जाण्याआधी कोणीतरी ओळखले पाहिजे.

सुरक्षेचा आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणेच घ्यावयास हवा. परंतु वरील एका पानात गोपनीय असे काही नाही. उलट कागदांविना बाजारात फिरणारी चिलखती गाडी हाच सुरक्षेला अधिक मोठा धोका आहे.

भाच्याने पैसे वाचविले, हे खरे. पण आजोबांनी चालविली तशी गाडी रीतसर घेण्याची वाट त्याला आपल्या नियमांनी दाखविली नाही, हेही तितकेच खरे. निर्लेखन समित्यांवर काम केलेल्या वाचकांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत.