विकलेला चालतो, गेलेला चालत नाही

साहित्य मंडळाच्या या अंकात फुटबॉलवरचा लेख कशासाठी, असे काही सभासद विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे, की आमचे भांडण एका शब्दाशी आहे आणि तो शब्द सध्या मैदानावर मुक्काम ठोकून आहे. शब्द आहे 'गद्दार'. एफ. सी. गोवा संघाचे कर्णधारपद भूषविलेला ब्रँडन फर्नांडिस सात हंगामांनंतर 2024 मध्ये मुंबई सिटी संघात दाखल झाला, तेव्हा आमच्याच वाचनालयाच्या ओसरीवर तो आम्ही ऐकला. उच्चारणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, अत्यंत सौजन्यशील. पन्नास वर्षांत कुणाला अरेतुरे केल्याचे आम्हांस स्मरत नाही. नातवाच्या अंगावरची ब्रँडनच्या नावाची जर्सी त्यांनी मोटार पुसायला काढली होती, आणि ही गोष्ट ते अभिमानाने सांगत होते. आजूबाजूच्या चारचौघांनी माना डोलावल्या. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो, याची थोडी लाज वाटते म्हणून हा लेखनप्रपंच.

मास्तरांना उत्तर द्यायचे तर आधी उत्तर लंडनमध्ये जावे लागेल. कारण हा शब्द तिथे सर्वांत मोठ्या आवाजात उच्चारला गेला, आणि पुढे त्याचे काय होते हे पाहण्याइतकी वर्षेही त्या घटनेला लोटली आहेत.

टॉटनहॅम आणि आर्सेनल या दोन क्लबांच्या जुन्या मैदानांत अंतर जेमतेम चार मैलांचे. वैर मात्र पिढ्यांचे. आर्सेनल मूळचा दक्षिणेकडचा, वूलिचचा क्लब. 1913 मध्ये तो उठून हायबरीला आला आणि टॉटनहॅमच्या अंगणात त्याने चूल मांडली. महायुद्धानंतर 1919 मध्ये पहिल्या श्रेणीतील संघ वाढविताना मतदान झाले. त्यात टॉटनहॅमची जागा गेली आणि खालच्या श्रेणीतील आर्सेनलला ती मिळाली. हा सल तिथल्या घराघरांत वारसाहक्काने जातो.

सोल कॅम्पबेल हा टॉटनहॅमच्याच तालमीत वाढलेला बचावपटू. 1992 च्या डिसेंबरात पहिल्या संघातून खेळला, पुढे कर्णधार झाला आणि 1999 मध्ये वेम्बलीवर लीग चषक त्यानेच उंचावला. तीनशेहून अधिक सामने त्या पांढऱ्या सदऱ्यात खेळून 2001 च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला. 3 जुलै रोजी आर्सेनलने पत्रकार बोलावले. एखादा नवा गोलरक्षक दाखविणार असतील अशा समजुतीने मंडळी जमली, आणि दारातून कॅम्पबेल आत आला. 17 नोव्हेंबरला तो आर्सेनलतर्फे व्हाइट हार्ट लेनवर परतला तेव्हा बसवर बाटल्या आल्या, त्याचे पुतळे टांगले गेले, ज्यूडासचे नाव लिहिलेले फुगे हवेत सोडले गेले. सामना एकेक गोलने बरोबरीत सुटला. तो कुणाच्याच लक्षात नाही.

ज्यूडासची कथा गोव्यात कुणाला सांगायला नको. पण उपमा देणाऱ्यांनी ती नीट वाचलेली दिसत नाही. ज्यूडासने आपल्या गुरूला शत्रूच्या हाती दिले. कॅम्पबेलने कुणाला कुणाच्या हाती दिले? करार संपलेला एक मनुष्य दुसऱ्या ठिकाणी नोकरीला लागला. बेल्जियमच्या झ्याँ-मार्क बॉसमन या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 1995 च्या डिसेंबरात निकाल दिला, की करार संपल्यावर खेळाडू विनामोबदला दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो. त्याआधी करार संपला तरी क्लब खेळाडूला दावणीला बांधून ठेवू शकत असे. इंग्लंडात तर 1961 पर्यंत वेतनाचीही कमाल मर्यादा होती, आठवड्याला वीस पौंड. आणि न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमला हा अडकवून ठेवण्याचा प्रकार अन्याय्य ठरवून घेण्यासाठी 1963 मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. इतक्या झगड्यानंतर मिळालेला हक्क कॅम्पबेलने वापरला, एवढाच त्याचा अपराध.

येथे टॉटनहॅमचे चाहते एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. जायचे होते तर वर्षभर आधी सांगायचे. क्लबाला त्याची किंमत तरी आली असती. मुकाट्याने करार संपू दिला आणि आम्हांला आशेवर ठेवले. यातला दुसरा भाग आम्हांला मान्य आहे. कर्णधाराच्या दंडावरची पट्टी ही केवळ कापडाची नसते. ज्याच्याकडे पाहून पोरे उभे राहायला शिकतात त्याने जाताना चार शब्द समोर येऊन बोलायला हवे होते. त्या मौनाबद्दल त्याला दोष द्यावा. पण पहिला भाग? 'आम्हांला विकता आला नाही' ही तक्रार भक्ताची नव्हे, व्यापाऱ्याची आहे. तीस नाणी क्लबाच्या गल्ल्यात पडली असती तर हा ज्यूडास चालला असता काय?

चालला असता, असे म्हणायला पुरावा आहे. पॅट जेनिंग्ज नावाचा थोर गोलरक्षक 1964 पासून तेरा वर्षे टॉटनहॅमकडे होता. 1977 मध्ये क्लबाने त्याचे दिवस भरले असे समजून पंचेचाळीस हजार पौंडांना त्याला विकले, आणि विकले कुणाला, तर आर्सेनललाच. तिथे तो आणखी आठ वर्षे खेळला, 1979 चा एफ. ए. चषक जिंकला. दोन्हीकडचे लोक आजही त्याचे नाव आदराने घेतात. तोच रस्ता, तेच चार मैल, तोच वैरी. फरक एकच: जेनिंग्जला मालकाने पाठविले, कॅम्पबेल आपल्या पायांनी गेला.

हा केवळ पैशाचा राग नव्हे, हेही मान्य करू. पोर्तुगालचा फिगो 2000 साली बार्सिलोनातून रेआल माद्रिदला गेला तेव्हा बार्सिलोनाला त्या काळची जागतिक विक्रमी रक्कम मिळाली होती. तरी 2002 च्या नोव्हेंबरात तो त्या मैदानावर परतला असता प्रेक्षकांतून डुकराचे मुंडके भिरकावले गेले. पैसे पोचले होते, राग गेला नव्हता. कारण त्यानेही जायचे स्वतः ठरविले होते. आमचे म्हणणे हेच आहे. गर्दीला शत्रूच्या घरी गेलेला मनुष्य सोसतो. स्वतःच्या मर्जीने गेलेला सोसत नाही. ज्याला आपण निष्ठेची वेदना म्हणतो तिच्यात मालकीचा दर्प मिसळलेला असतो, आणि हा मालक दुर्दैवाने असा, की ज्याच्या नावावर क्लबाचा एक दगडही नाही.

क्लबाच्या खऱ्या कारभाऱ्यांना कुणी निष्ठेचा दाखला मागत नाही. ज्या 1999 च्या चषकासाठी टॉटनहॅमने गुलाल उधळला, तो जिंकून देणारा प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहम हा हाडाचा आर्सेनलचा. 1989 आणि 1991 ची अजिंक्यपदे त्याने आर्सेनलला मिळवून दिली होती. 2001 च्या मार्चमध्ये त्याला काढले आणि जागी ग्लेन हॉडलला आणले, तो साउदॅम्प्टन संघाला भर हंगामात सोडून आला होता. टॉटनहॅमने त्याचे स्वागत केले. साउदॅम्प्टनच्या लोकांनी त्याला काय म्हटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. म्हणजे आपल्याकडे येतो तो घरी परततो आणि आपल्याकडून जातो तो विकला जातो!

आता या शब्दाचे पुढे काय होते ते पाहा. सात वर्षे उलटली. कॅम्पबेल आर्सेनलही सोडून पोर्टस्मथकडे खेळू लागला होता. 2008 च्या सप्टेंबरात टॉटनहॅमचा संघ तिथे आला आणि प्रेक्षकांच्या एका गटाने त्याच्यावर जी घोषणाबाजी केली ती येथे छापण्याजोगी नाही. तिच्यात ना आर्सेनलचा उल्लेख होता, ना कराराचा. होती ती लैंगिकतेवरून आणि वर्णावरून केलेली घाण. पोलिसांनी तपास केला, न्यायालयाने काहींना दोषी ठरविले. त्यांत एक अल्पवयीन मुलगाही होता. 2001 साली तो नुकता शाळेत जाऊ लागला असेल. त्याला कसली फसवणूक आठवत होती? त्याला वडीलधाऱ्यांकडून एक शब्द मिळाला होता, आणि त्या शब्दाच्या आडोशाने काय काय बोलता येते याची परवानगी. जर्सीने मोटार पुसणाऱ्या आजोबांकडे पाहत उभा असलेला नातू आम्हांला त्या वेळी आठवत राहिला, तो यामुळे.

मैदानात हुर्यो करू नये असे आमचे म्हणणे नाही. नव्वद मिनिटे शिट्ट्या वाजवाव्यात, घसा बसेपर्यंत ओरडावे. त्यासाठीच तिकीट असते. खेळाडूचा गोल हुकला तर नाचावे. पण 'गद्दार' हा शब्द देशाशी द्रोह करणाऱ्यासाठी भाषेने राखून ठेवलेला आहे. तो नोकरी बदलणाऱ्यावर उधळला की खऱ्या द्रोहासाठी आपल्याकडे शब्दच उरत नाही.

आणि आपल्या घरचे काय? 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे दोन क्लब राष्ट्रीय आय-लीगमधून बाहेर पडले. त्याच वर्षी धेंपोही गेला, ज्याने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद गोव्यात आणले होते. महासंघाच्या धोरणाविरुद्ध त्यांची तक्रार होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. धेंपो पुढे कित्येक वर्षांनी परतलाही. पण त्या वर्षी खेळाडूंचा रोजगार गेला, चाहत्यांचे रविवार गेले, आणि आमच्या ओसरीवर कुणी 'गद्दार' म्हणाले नाही. 'व्यवहार आहे,' असे म्हटले गेले. 2020 च्या जानेवारीत एफ. सी. गोवाने आघाडीच्या संघांत असतानाच प्रशिक्षक सेर्जिओ लोबेराला नारळ दिला, तेव्हाही तो व्यवहार होता. त्याच वर्षी लोबेरा मुंबईला गेला, पाठोपाठ पहिले सहा हंगाम गोव्याकडून खेळलेला मंदार राव देसाई गेला, तेव्हा मात्र त्याचे नाव बदलले. 13 मार्च 2021 रोजी मुंबईने आमच्याच फातोर्ड्यात चषक उचलला. साथीमुळे मैदान रिकामे होते. कुणाला काही ओरडता आले नाही, हे बरेच झाले.

मास्तर, तुमचा आमचा स्नेह जुना, म्हणून स्पष्ट विचारतो. तुमच्या थोरल्याने दुबईतली नऊ वर्षांची नोकरी सोडून रस्त्यापलीकडच्या स्पर्धक कंपनीत दीडपट पगारावर जागा धरली, तेव्हा तुम्ही याच ओसरीवर पेढे वाटले होते. आम्ही दोन खाल्ले होते.