होडी घेताना उद्याची मोटर डोळ्यापुढे ठेवा



जुनी फायबरची होडी घेऊन पुढे तिला बॅटरीवरची मोटर बसवावी का, असं आपल्यातले बरेच तरुण विचारतायत. काही जण तर कर्जासाठी संस्थेची शिफारसही मागतायत. म्हणून आमचं मत उघडपणे मांडतो.

डोलाची आणि ट्रॉलची मोठी होडी असेल तर हा नाद सोडा. १०० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७५ किलोवॅट. १० तास चालवायची तर ७५० युनिट लागतील. एका युनिटला लिथियम बॅटरीचं वजन जवळपास १० किलो धरा, म्हणजे साडेसात टन. मग मासळी ठेवणार कुठे? अशा कामासाठी आम्ही शिफारस देणार नाही. कुणाला राग आला तरी चालेल.

खाडीत आणि तापीच्या मुखाजवळ जाळं टाकून त्याच दिवशी परतणारी छोटी होडी असेल तर गोष्ट वेगळी. १० हॉर्सपॉवरला साडेसात किलोवॅट लागतात. पूर्ण जोरात ३ तास म्हणजे साडेबावीस युनिट. पण बॅटरी तळापर्यंत कधी संपवायची नसते, त्यामुळे ३० युनिटची लागेल. तिचं वजन ३०० किलो, म्हणजे चार-पाच खलाशी कायमचे होडीत बसलेत असंच समजा. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर ती भरायला दहा तास तरी जातील. फायदा असा की वेग निम्मा केला तर ताकद जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. घाई न करणाऱ्या नाखव्याला मोटर परवडते.

केरळात वैक्कम–तवणक्कडव मार्गावर ‘आदित्य’ ही सौर प्रवासी बोट २०१७ पासून ७५ माणसं नेते. लोक तिचं उदाहरण देतात. पण तो मार्ग जेमतेम ३ किलोमीटरचा, तोही संथ पाण्यातला, आणि जेटी ठरलेल्या. आपल्याकडे खंभातचं आखात आहे, भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात जास्त इथेच. ओहोटीचं पाणी ४ नॉटने खाली ओढतंय आणि तुमची होडी ४ नॉटनेच वर येतेय, तर काठावरचं झाड जागच्या जागी दिसेल आणि बॅटरी मात्र रिकामी होईल. त्यात हजिऱ्याला येणारी मोठी जहाजं. त्यांच्या वाटेत बंद पडलेली होडी म्हणजे काय, हे घरच्यांना विचारा, रात्री दिवा लावून तेच बसतात. म्हणून ओहोटीबरोबर जायचं, भरतीबरोबर परतायचं, आणि वल्ही किंवा लहान आऊटबोर्ड सोबत हवंच. उधाणाच्या दिवसांत तर जास्तच.

मग आज घ्यायचं काय? आमचं म्हणणं, आज इंजिनाचीच होडी घ्या, पण अशी की पुढे मोटर बसेल. लांब, अरुंद, हलकी. रुंद पोटाची होडी स्वस्त मिळते, पण ती पाणी ढकलत जाते. पठाणाजवळ, मध्यावर, खाली बॅटरीची पेटी घट्ट बसेल एवढी जागा मोजा, पण पेटी बिल्जच्या पाण्यावर राहायला हवी. मोटरला मोठा, सावकाश फिरणारा पंखा चांगला, तेव्हा मागे खाली तेवढी जागा आहे का, हात घालून बघा. फायबर भिजून जड झालंय का, ठोकून ऐका. बद्द आवाज आला तर परत या.

पैशाचा हिशेब करताना डिझेलचा बाजारभाव धरू नका. नोंदणी झालेल्या होडीला व्हॅटची सवलत मिळते, तो वजा केलेला भाव धरा, नाहीतर मोटर कागदावर फारच स्वस्त दिसते. विकणारा हे सांगत नाही. इंजिन बदललं की नोंदणीतही बदल करावा लागतो, तो खर्च आणि फेऱ्या धरा. आणि १ जूनपासून बंदीत होडी ओढून ठेवल्यावर लिथियमची बॅटरी निम्मी भरलेली, कोरड्या जागी ठेवायची. घरात तशी जागा आहे का, ते बायकोला विचारून ठरवा.

होडी बघायला निघाल तेव्हा कळवा. मोजपट्टी घेऊन संस्थेतर्फे आमच्यातलं कुणीतरी सोबत येईल. शिफारशीचा अर्ज मात्र होडी बघून झाल्यावरच.