ड्रायव्हरची अट निविदेतच हवी

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या धडधाकट संगणकांना लिनक्स हा खरा आधार आहे. पण लिनक्स घातल्यावर वाय-फाय लागले नाही, की ‘यात काही चालत नाही’ असा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल प्रत्येक उपकरणाचा ओळख-क्रमांक वाचून त्याला जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, शोधतो. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स वितरणांच्या कर्नलमध्ये बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून आधीच तयार असतात, त्यामुळे ‘कर्नल स्वतः कंपाइल करा’ हा सल्ला क्वचितच कामाचा ठरतो. डीमेसग या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदी वाचल्या तर अनेकदा दिसते, की ड्रायव्हर आहे, पण उपकरणात भरायची फर्मवेअरची फाइल नाही. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा फायली इन्स्टॉलरमध्येच दिल्या आणि ही अडचण बरीच कमी झाली.

उरते ती अडचण उत्पादकाच्या मौनाची. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपची माहिती मिळत नव्हती, तेव्हा स्वयंसेवकांनी बंद ड्रायव्हर उलगडून नवा लिहिला. २०१० मध्ये कंपनीनेच खुला ड्रायव्हर दिला. एनव्हिडियाने आपली कर्नल मॉड्यूल्स २०२२ मध्ये खुली केली. चिप तयार करणाऱ्यांनी मनावर घेतले तेव्हा वाट मोकळी झाली, म्हणजे प्रश्न तंत्राचा कमी आणि इच्छेचा जास्त आहे.

ड्रायव्हर खुले केल्यास व्यापारी गुपिते फुटतील, हा आक्षेप टिकत नाही. एनव्हिडियाने मॉड्यूल्स खुली केली तरी फर्मवेअर बंदच ठेवले आहे. लिनक्स वापरणारे थोडे, मग कंपन्यांनी खर्च का करावा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर ग्राहकाच्या आकारात आहे. एकट्या ग्राहकाचे कंपनी ऐकणार नाही, पण शाळा, विद्यापीठे आणि सरकारी कार्यालये एकगठ्ठा खरेदी करतात. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. मात्र यंत्र निवडतानाच लिनक्ससाठी ड्रायव्हर असण्याची अट नसेल, तर सॉफ्टवेअरचे धोरण कागदावरच राहते.

महाराष्ट्रातील शाळांच्या निविदांतही ही अट असावी, पण ‘लिनक्सवर चालते’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. कर्नलची अंतर्गत रचना मुद्दामच बदलती ठेवलेली असते. एका आवृत्तीपुरता दिलेला बंद ड्रायव्हर पुढच्या अपडेटला मोडू शकतो, आणि तोवर विक्रेता दुसऱ्या मालाकडे वळलेला असतो. ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये असेल, तर कर्नल बदलणारेच त्यात सोबत दुरुस्ती करतात. म्हणून निविदेत ‘मूळ कर्नलमध्ये समाविष्ट ड्रायव्हर’ असे स्पष्ट लिहावे आणि माल आल्यावर डेबियनचा पेनड्राइव्ह लावून वाय-फाय, आवाज, प्रिंटर व संगणकाचे झोपेतून जागे होणे तपासावे. बिल त्यानंतरच मंजूर व्हावे.