कॉफी प्यावी, पण केव्हां?

वडवणीसारख्या बीड जिल्ह्यांतील गांवीं कॉफी ही नित्याची वस्तु नव्हे. तेथें राज्य चहाचें. कॉफीची आठवण होते ती पाहुण्यांसाठीं, चतुर्थी-एकादशीला किंवा मुलांच्या परीक्षेच्या रात्रीं. आणि मग दूध-साखर घालून, वर जायफळ किसून ती चांगली उकळली जाते. झोंप आणणारें म्हणून ज्याची ख्याति, तें जायफळ झोंप उडविणाऱ्या पेयांत घालण्याची ही रीत मोठी मौजेची! परंतु घरांतील एका व्यक्तीच्या बाबतींत कॉफीचा विचार गंभीरपणें करणें अवश्य आहे. ती व्यक्ति म्हणजे सर्वांमागून जेवणारी गृहिणी.

कॉफीनें तरतरी येते ती कशी, हें आधीं पाहूं. जागेपणीं मेंदूंत ॲडेनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें आणि तें आपल्या ठरलेल्या जागीं जाऊन बसलें म्हणजे झोंप व शीण जाणवूं लागतो. रुंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं कॉफीच्या बियांतून वेगळें काढलेलें कॅफीन नेमक्या त्याच जागा अडवून बसतें. शीण नाहींसा होत नाहीं. त्याची वर्दी तेवढी पोंचत नाहीं. शिवाय हा पाहुणा लवकर उठत नाहीं. शरीरांतील निम्मा अंश निघून जाण्यास साधारणपणें पांच तास लागतात, आणि गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत त्याहून कितीतरी अधिक. गर्भवतीनें दिवसाकांठीं २०० मिलिग्रॅमच्या आंत राहावें, असें युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१५ सालीं सुचविलें तें याचसाठीं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानें कॉफीचा अर्क काढून केलेल्या एका पेल्यांत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतें. तयार भुकटीच्या पेल्यांत ५० ते ६५.

हें झालें झोंपेचें. आमच्या मतें याहून मोठी गोष्ट रक्ताची आहे. कॉफींतील क्लोरोजेनिक आम्लासारखीं द्रव्यें अन्नांतील लोहाला आंतड्यांत जखडून ठेवतात व रक्तांत शिरूं देत नाहींत. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतील लोह मुळांतच थोडें शोषलें जातें. तेव्हां शाकाहारी घराला हा तोटा अधिक जाणवतो. अमेरिकेंतील संशोधकांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जेवणाबरोबर कॉफी घेतल्यास लोहाचें शोषण ३९ टक्क्यांनीं घटलें, चहानें तर ६४ टक्क्यांनीं. जेवणापूर्वी एक तास घेतलेल्या कॉफीनें कांहींच बिघडलें नाहीं. जेवणानंतर एक तासानें घेतली तरी मात्र बरोबर घेतल्याइतकेंच नुकसान झालें.

महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आढळलें. रक्त कमी म्हणून थकवा. थकवा घालविण्यासाठीं जेवण आटोपतांच कॉफी. आणि त्या कॉफीनें जेवणांतलें लोह वायां! भरल्या घरच्या सशक्त पुरुषाला हें चालून जाईल, बाळंतिणीला नाहीं. दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यांतून ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबांतील बायांना तर त्याहून नाहीं. त्यांच्या पदरीं कॉफी नव्हे, चहा येतो, आणि वरचे आंकडे पाहतां तो अधिकच बाधक.

कॉफी सोडाच, असें आम्ही म्हणत नाहीं. नियमित पिणारांत मधुमेह कमी आढळतो, हेंही अनेक पाहण्यांत दिसलें आहे. अर्थात् आपल्याकडील तीन चमचे साखरेच्या कॉफीस ती ग्वाही लागू करूं नये. ज्यांचें कोलेस्टेरॉल वाढलें आहे त्यांनीं पूड उकळून केलेली कॉफी बेतानें घ्यावी. तिच्यांत उतरणारें कॅफेस्टॉल तें आणखी वाढवितें, आणि तें कागदाच्या गाळणींत अडकतें, आपल्या नेहमींच्या गाळणींत नाहीं.

वेळ मात्र सांभाळावी. न्याहारीच्या तासभर आधीं कॉफी घ्यावी, नाहीं तर दुपारीं तीनच्या सुमारास, जेवण पुरतें मागें पडल्यावर. पानांत लिंबाची फोड किंवा आवळ्याची चटणी असावी. आंबट फळांतील सी जीवनसत्त्व लोहाला वाट करून देतें. आणि आरोग्यकेंद्रांतून मिळालेली लोहाची गोळी कॉफी-चहाच्या घोटाबरोबर गिळूं नये. साध्या किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी.